आर्विडने पोचवलेलं मत

(नॉर्थ डाकोटा, डिसेंबरातली सकाळ. आर्विड पिकअप चालवतोय. शेजारी त्याची मोठी बहीण सोल्वेग. बाहेर बर्फ.)

सोल्वेग : ...म्हणून शेवटी तुला फोन केला.

आर्विड : म्हणजे मी शेवटचा.

सोल्वेग : शेजारच्या हॅरल्डची गाडी सुरू होईना. बेव्हर्लीचा नवरा म्हणाला, असल्या हवेत मी कुत्रंसुद्धा बाहेर काढणार नाही. पक्षाच्या ऑफिसात फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, टॅक्सी करा.

आर्विड : आपल्याकडे टॅक्सी आहे?

सोल्वेग : ती शिकागोहून आलीये. तिला काय माहीत.

आर्विड : हं.

सोल्वेग : मग राहिलास तू. नऊ वर्षांत तुझा नंबर फिरवला नव्हता. पाठ असेल की नाही, तेही माहीत नव्हतं.

आर्विड : होता वाटतं.

सोल्वेग : होता.

आर्विड : मला वाटलं, कुणीतरी गेलं.

सोल्वेग : जायचं कोण राहिलंय आता? माझा मिल्टन गेला, तुझी गेर्डा गेली. उरलो आपण दोघं. त्यातलं एक गेलं असतं, तर फोन कुणी केला असता?

आर्विड : तेही खरंच. कॉफी तुझ्या पायाशी आहे.

सोल्वेग : तू विचारत नाहीस.

आर्विड : काय?

सोल्वेग : मी आज कुणाला मत देणार ते.

आर्विड : आपल्या राज्यात तुमचा पक्ष जिंकला. पक्षाने तुझं नाव दिलं होतं. तू तुमच्या माणसाला मत देणार. त्यात विचारायचं काय?

सोल्वेग : महिनाभर सगळा देश विचारतोय. माझा फोन थांबत नाही. तुमच्या माणसाला देशभरात मतं कमी पडलीत, मग तुम्ही त्याला कशा निवडता, म्हणतात. फरक एवढासा आहे, की माझ्यासारखी दोन-तीन माणसं उलटली तर निकाल उलटतो. आणि आपल्या राज्यात असा कायदाही नाही, की मी उलटायचं नाही.

आर्विड : माहीत आहे.

सोल्वेग : माहीत आहे आणि तरी विचारत नाहीस.

आर्विड : गाडी चालवतोय मी.

सोल्वेग : ओरेगॉनची एक मुलगी तर रडत होती फोनवर. विशीतली असेल. मी तिला म्हटलं, अगं, मी कोणी मोठी बाई नाही. मी पक्षाच्या बैठकीत कॉफी करते. तीस वर्षं केली. मोठ्या लोकांना वाटलं, हिला काहीतरी द्यायला हवं. घड्याळ महाग पडलं असतं, म्हणून हे मत द्यायचं काम दिलं.

आर्विड : ती काय म्हणाली?

सोल्वेग : तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मग तिने विचारलं, ही पद्धत आहेच कशासाठी? ज्याला जास्त मतं तो आला, इतकं सरळ का नाही?

आर्विड : बरोबर विचारलं.

सोल्वेग : मला उत्तर येईना. तीस वर्षं राजकारणात, आणि...

आर्विड : कॉफीत.

सोल्वेग : कॉफीत. आणि उत्तर येईना. तिला म्हटलं, नंबर दे, मी वाचते आणि सांगते. गेले लायब्ररीत.

आर्विड : आणि?

सोल्वेग : हळू चालव. पुढे दिवा फिरतोय. पोलीस आहे.

आर्विड : जेम्सटाउन आलं. बंद केला वाटतं हायवे.

* * *

वाइगल : थांबा. पुढे रस्ता बंद आहे. बिस्मार्कपर्यंत सगळा. गाडी वळवा.

सोल्वेग : आम्हाला बिस्मार्कलाच जायचंय.

वाइगल : आज ज्याला त्याला बिस्मार्कलाच जायचंय, बाई. गावात मोटेल आहेत. उद्या बघा.

सोल्वेग : उद्या चालणार नाही. आज दुपारी मला राष्ट्राध्यक्ष निवडायचाय.

वाइगल : बाई, निवडणूक गेल्या महिन्यात झाली.

सोल्वेग : नाही झाली.

वाइगल : मी मत दिलंय.

सोल्वेग : ते तू मला दिलंस.

वाइगल : तुम्हाला?

सोल्वेग : मला, मायनॉटच्या एका दंतवैद्याला आणि विलिस्टनच्या एका बाईला.

वाइगल : मी कुठल्याही दंतवैद्याला मत दिलेलं नाही.

सोल्वेग : सगळ्यांना तसंच वाटतं.

वाइगल : अहो काका, तुम्ही गाडी चालवताय. यांची तब्येत बरी आहे ना?

आर्विड : तब्येत बरी आहे.

वाइगल : मग ह्या काय बोलतायत?

आर्विड : खरं बोलतेय ती.

वाइगल : म्हणजे?

आर्विड : आपण नोव्हेंबरात मत दिलं, ते थेट राष्ट्राध्यक्षाला जात नाही. प्रत्येक पक्षाने आपली तीन माणसं आधीच ठरवलेली असतात. निर्वाचक म्हणतात त्यांना. राज्यात जो पक्ष जिंकेल, त्याची तीन माणसं आज राजधानीत बसून खरं मत देतात. सगळ्या राज्यांत आजच. त्या तिघांतली एक ही. माझी बहीण.

वाइगल : म्हणजे तुम्हीपण त्याच पक्षाचे.

आर्विड : नाही. मी दुसऱ्या बाजूचा. माझी तीन माणसं घरी बसलीत.

वाइगल : मग तुम्ही का घेऊन चाललाय यांना?

आर्विड : फोर व्हील ड्राइव्ह आहे माझ्याकडे.

वाइगल : ...थांबा. वर विचारतो. हॅलो, कंट्रोल? वाइगल बोलतोय. इथे फाटकावर एक बाई आहेत, त्या म्हणतात आज त्या राष्ट्राध्यक्ष निवडणार आहेत. नाही. नाही साहेब, प्यायलेल्या नाहीत. सत्तरीच्या असतील. हातात डबा आहे. नाही, खाण्याचा. हो, बरोबर एक माणूस आहे, तो म्हणतो खरं आहे, पण तो त्यांच्या विरुद्ध आहे. हो, थांबतो.

सोल्वेग : वाइगल म्हणजे लिंटनचे वाइगल का रे? तुझ्या कोटावर नाव आहे.

वाइगल : आजोबा तिथले. थांबा बाई, साहेब बोलतायत. हो साहेब. संविधानात? बरं. बरं साहेब. ...साहेब म्हणाले, संविधानात आहे.

सोल्वेग : आहेच.

वाइगल : ते म्हणाले, त्यांनाही आत्ताच कळलं. बायकोने सांगितलं त्यांच्या, ती शाळेत शिकवते. आता बर्फ ढकलणारी गाडी निघेल. तिच्या मागे मागे जा. तिला ओलांडायचं नाही. ती थांबली तर थांबायचं.

सोल्वेग : तू हे खा. बटाट्याची पोळी आहे.

वाइगल : ड्यूटीवर आहे, बाई.

सोल्वेग : आत लोणी आणि साखर आहे.

वाइगल : ...द्या. आणि एक सांगतो. राग नको. मी तुमच्या बाजूला मत दिलं नव्हतं.

सोल्वेग : हरकत नाही. यानेही दिलं नव्हतं. काच वर घे, आर्विड.

* * *

सोल्वेग : ही गाडी किती हळू चाललीये.

आर्विड : ती बर्फ ढकलतेय.

सोल्वेग : तू का बोललास मघाशी?

आर्विड : कधी?

सोल्वेग : गप्प बसला असतास, तर त्याने आपल्याला परत पाठवलं असतं. त्याला वाटतच होतं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. तुला नुसतं समोर बघत बसायचं होतं. ते तर तुला चांगलं जमतं.

आर्विड : मी बोललो नसतो तर तू बोलत राहिली असतीस. खिडकीतून थंडी येत होती.

सोल्वेग : हं.

आर्विड : लायब्ररीत काय सापडलं, ते सांग. पुढे शंभर मैल याच गाडीचं ढुंगण बघायचंय.

सोल्वेग : सापडलं हे, की ही पद्धत कुणालाच नको होती.

आर्विड : म्हणजे?

सोल्वेग : पहिल्यांदा देशाचं संविधान लिहायला बसले ना, फिलाडेल्फियात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी म्हण. अख्खा उन्हाळा बसले. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. अंगात कोट.

आर्विड : मी कशालाही हो म्हटलं असतं.

सोल्वेग : तसंच झालं शेवटी. राष्ट्राध्यक्ष कुणी निवडायचा, हेच ठरेना. एक म्हणे, संसदेने निवडावा. दुसरा म्हणे, मग तो संसदेचा गडी होईल, जन्मभर त्यांची हांजी हांजी करेल. कुणी म्हणे, लोकांनी निवडावा. तर बाकीचे म्हणाले, लोकांना काय कळतंय?

आर्विड : ते अजून म्हणतात.

सोल्वेग : तेव्हा थोडं खरंही होतं. जॉर्जियाच्या शेतकऱ्याला न्यू हॅम्पशायरचा माणूस कसा माहीत असणार? पत्र जायला आठवडे लागायचे. प्रत्येकजण आपल्याच राज्यातल्या माणसाला मत देणार. मग काय, ज्या राज्यात माणसं जास्त, त्याचाच माणूस दर वेळी. छोटी राज्यं म्हणाली, मग आम्ही कशाला येऊ तुमच्यात?

आर्विड : बरोबर म्हणाली. आपल्याकडे बघ. माणसांपेक्षा गुरं जास्त. गुरं मोजली असती, तर आपणही मोठ्यांच्या पंक्तीला बसलो असतो.

सोल्वेग : हसू नकोस. तसंच केलं होतं त्यांनी.

आर्विड : गुरं मोजली?

सोल्वेग : माणसं. दक्षिणेकडे गुलाम होते. त्यांना मत द्यायचा हक्क नाही. पण संसदेच्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, असं आधीच ठरलेलं. मग तिकडचे म्हणाले, लोकांनी थेट निवडायचा असेल, तर आमचे गुलाम काही उपयोगाचे नाहीत. ते मत देत नाहीत. पण राज्याला संसदेत जितक्या जागा, तितके निर्वाचक, असं करा. मग उपयोगाचे.





आर्विड : हे शाळेत नव्हतं शिकवलं.

सोल्वेग : मी ते पान दोनदा वाचलं. लायब्ररीतली पोरगी म्हणाली, आजी, तुम्हाला पाणी देऊ का?

आर्विड : मग शेवटी ठरलं कसं?

सोल्वेग : कंटाळून. उन्हाळा संपत आला. जे जे ठरत नव्हतं, ते सगळं एका छोट्या समितीकडे दिलं. समितीने हे काढलं. लोकांनी नाही, संसदेनेही नाही. प्रत्येक राज्यातल्या थोड्या शहाण्या माणसांनी निवडायचं. आपापल्या राज्यात बसायचं, सगळ्यांनी एकाच दिवशी, म्हणजे आपसात संगनमत नको. मत द्यायचं आणि घरी जायचं. कुणालाच आवडलं नाही. पण कुणी उठून गेलं नाही.

आर्विड : आणि शहाणी माणसं म्हणजे तू.

सोल्वेग : ती शहाणी माणसं थोडीच वर्षं टिकली. मग पक्ष आले. पक्षांना शहाणी नको होती, सांगितलेलं ऐकणारी हवी होती. म्हणून मी.

आर्विड : त्या मुलीला हे सगळं सांगितलंस?

सोल्वेग : सांगितलं. ती म्हणाली, पण ही काही चांगली कारणं नाहीत. मी म्हटलं, मी कुठे म्हटलं चांगली आहेत म्हणून? तू कारण विचारलंस, मी कारण दिलं.

आर्विड : मग रडली?

सोल्वेग : नाही. आभार मानले. त्याने मला जास्त वाईट वाटलं.

आर्विड : पुढची गाडी थांबली बघ.

सोल्वेग : चाक रुतलं असेल. आर्विड, एक सांगू?

आर्विड : सांगतेच आहेस मघापासून.

सोल्वेग : त्या पुस्तकात डेलावेअर नावाचं एवढंसं राज्य. तिथला माणूस उभा राहून सारखं एकच सांगतोय, मोठ्यांइतकीच आम्हाला जागा द्या, नाहीतर आम्ही चाललो. मला वाचताना तुझा चेहरा दिसत होता.

आर्विड : चर्चचं बोलतेयस.

सोल्वेग : चर्चचंच बोलतेय.

आर्विड : नऊ वर्षं झाली त्याला.

सोल्वेग : तुमच्या माळरानावरच्या चर्चची घरं चौदा. आमची गावातली शंभरावर. दोन्ही चर्च एक करायची वेळ आली, कारण एकट्याला पाद्री परवडेना. आणि तू उठून म्हणालास, एकत्र चर्चच्या समितीवर तीन तुमचे, तीन आमचे. नाहीतर येत नाही.

आर्विड : तसं नसतं, तर आम्ही आलोच नसतो. पहिल्याच वर्षी तुम्ही आमची इमारत विकली असती. माझ्या मुलीचं थडगं आहे तिथे आवारात.

सोल्वेग : ...हे तू तेव्हा म्हणाला नाहीस.

आर्विड : समितीत असं बोलत नाहीत.

सोल्वेग : मला वाटलं, तू हटून बसलास.

आर्विड : हटूनच बसलो होतो.

सोल्वेग : गावात सरळ मत घेतलं असतं, तर मिनेसोटाच्या त्या बाई आल्या असत्या पाद्री म्हणून. सगळ्यांना त्या हव्या होत्या. पण तुमचे तीन आणि आमचा एक फितूर, आणि पाद्री आला तुमचा ट्वेट. मी समितीसमोर टेबल आपटलं. म्हटलं, हा शुद्ध अन्याय आहे, जास्त माणसांना जे हवं तेच व्हायला पाहिजे.

आर्विड : आठवतंय. टेबलावरची फुलदाणी पडली.

सोल्वेग : आणि आज मी कुठे चाललेय बघ.

आर्विड : बघतोय. मीही तुझ्यासारखाच महिनाभर टेबल आपटतोय. घरात एकटाच असतो, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

सोल्वेग : कसा निघाला तो ट्वेट?

आर्विड : वाईट.

सोल्वेग : म्हणजे किती?

आर्विड : आमच्या चर्चमधला नॉर्बर्ट एकदा त्याच्या प्रवचनात झोपून बाकावरून खाली पडला.

सोल्वेग : आणि तू?

आर्विड : मी आणला होता त्याला. मला झोपता येईना.

सोल्वेग : आणि मी रागाने मेथॉडिस्टांच्या चर्चमध्ये गेले. नऊ वर्षं त्यांची पातळ कॉफी पितेय.

आर्विड : निघाली गाडी.

सोल्वेग : आर्विड, खरं सांग. सकाळपासून एकदाही मनात आलं नाही, की गाडी हळूच खड्ड्यात घालावी? कुणाला कळलं नसतं. बर्फ आहे.

आर्विड : आलं. व्हॅली सिटीपाशी.

सोल्वेग : मग?

आर्विड : खड्डा चांगला होता.

सोल्वेग : उपयोग झाला नसता. मी पोचले नाही, तर बाकीचे दोघं तिथे जो कोणी हजर असेल, त्यातला एक माझ्या जागी उभा करतात. झाडूवालाही चालतो.

आर्विड : कायद्यात आहे?

सोल्वेग : कायद्यात आहे.

आर्विड : ते मला माहीत होतं.

सोल्वेग : तुला कुठून?

आर्विड : मीही लायब्ररीत गेलो होतो. तू मंगळवारी गेलीस, मी गुरुवारी. ती पोरगी म्हणाली, तुमच्या घराण्यात परीक्षा आहे का कुणाची?

सोल्वेग : मग माहीत होतं, तर विचार तरी कशाला आला खड्ड्याचा?

आर्विड : विचार माहिती बघून येत नाही.

सोल्वेग : आणि घातली का नाहीस?

आर्विड : माझ्याविरुद्ध मत कुणीतरी देणारच आहे. ते निदान माझ्या ओळखीचं असावं.

सोल्वेग : माझा रुमाल कुठे गेला?

आर्विड : रडतेस काय? बिस्मार्क दिसायला लागलंय. तोंड पूस.

* * *

सोल्वेग : तू इथे आहेस होय? मी सगळ्या मजल्यांवर शोधलं.

आर्विड : इथे हीटर आहे. झालं?

सोल्वेग : झालं. केवढ्या सह्या. राष्ट्राध्यक्षाची चिठ्ठी वेगळी, उपराष्ट्राध्यक्षाची वेगळी. मग दाखले. त्या दंतवैद्याचं अक्षर वाचता येत नाही, त्याला दोनदा लिहायला लावलं.

आर्विड : हं.

सोल्वेग : माझा हात थांबला होता, आर्विड. नाव लिहायच्या आधी. समोर कोरी चिठ्ठी. त्या कागदावर मी काहीही लिहू शकले असते. तुझं नाव लिहू शकले असते.

आर्विड : मी नाही म्हटलं असतं.

सोल्वेग : ओरेगॉनची ती मुलगी आठवली. मग जेम्सटाउनचा तो पोलीस आठवला. म्हटलं, या राज्यातल्या लोकांनी नोव्हेंबरात मत दिलं, तेव्हा त्यांच्या डोक्यात सोल्वेग नव्हती. माझं नावही कुणी वाचलं नसेल. त्यांनी मला विचार करायला पाठवलंच नाही, निरोप पोचवायला पाठवलं. निरोप मला आवडला काय, न आवडला काय.

आर्विड : मग लिहिलंस.

सोल्वेग : लिहिलं. तुझ्या माणसाचं नाही.

आर्विड : माहीत आहे.

सोल्वेग : तू चिडला नाहीस?

आर्विड : चिडलोय. परत जाताना सगळा वेळ आहे.

सोल्वेग : तू आत आला होतास का? मी मागे वळून बघितलं, पण चष्मा काढलेला होता.

आर्विड : मागच्या भिंतीपाशी उभा होतो. तुझं नाव पुकारलं तेव्हा.

सोल्वेग : लोक उभे राहिले होते ना?

आर्विड : मी आधीपासूनच उभा होतो. खुर्ची नव्हती.

सोल्वेग : त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोण कुठले लोक. मला अगदी संकोचल्यासारखं झालं. तू वाजवल्यास?

आर्विड : माझ्या हातांत लोकरीचे हातमोजे होते.

सोल्वेग : म्हणजे नाही वाजवल्यास.

आर्विड : वाजवल्या. आवाज नाही आला.